ज्याची गोष्ट, त्याचा पाट

१

कृष्णनाथ मास्तरांची वाचा गेली तेव्हा निम्मं पार्से गाव हळहळलं. गौरवीला फारसा फरक जाणवला नाही. मास्तर तिच्याशी त्याआधी सात महिने बोलतच नव्हते.

इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष मध्येच टाकून ती घरी आली, त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "तुझ्याच्यानं आजवर एक गोष्ट पुरी झाली नाही." त्यानंतर जेवताना मीठ हवं असलं तरी बायकोला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." आणि ती तिथेच, हातभर अंतरावर, मिठाच्या बरणीपाशी बसलेली. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस. गावच्या पोरांच्या तोंडात शब्द घातले, आणि पोटच्या पोरीसाठी एक शब्द सुटेना.

मग डिसेंबरात एका सकाळी पोदेराच्या हातून पाव घेता घेता ते दारातच कोसळले. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डोळे राहिले, डावा हात थोडा राहिला. डॉक्टरांनी खूण शिकवली. हो म्हणायचं तर डोळे एकदा मिटायचे, नाही म्हणायचं तर दोनदा.

"त्यांच्याशी बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. "वाचून दाखवा. त्यांना सगळं कळतंय. शब्द कानावर पडत राहिले की कधी कधी वाट सापडते."

भाग्यलक्ष्मीने लेकीकडे पाहिलं. "तूच वाच गो. दिसभर घरातच आसतस."

आईने ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागायचं तिथे लागलं.

२

मार्च निम्मा सरल्यावर गौरवीने कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं.

अकराशे चार पानांची रशियन कादंबरी, जुनं मराठी भाषांतर. वरचा पुठ्ठा आणि पहिली पानं केव्हाच गेली होती, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात तिला 'ते रशियन' म्हणत. गावचं वाचनालय बंद पडलं तेव्हा मास्तर त्याचे कार्यवाह होते. बाकीची पुस्तकं त्यांनी वाळवीच्या हवाली केली आणि हे तेवढं काखेत मारून घरी आणलं. ओटीवर कुणी शिकलेला माणूस टेकला की ठरलेलं वाक्य यायचं, "आजकालच्या पोरांना काय वाचवणार? मी ते रशियन दोनदा संपवलंय. शेवटाला रडलो होतो." गौरवीने हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की पुस्तक न उघडताच तिला त्याचा राग यायचा.

आता तिचा बेत साधा होता. रोज तीन ते पाच, त्यांच्या खाटेशेजारी बसून, एकही पान न गाळता ते त्यांना वाचून दाखवायचं. शेवटचं पान झालं की पुस्तक त्यांच्या छातीवर ठेवायचं आणि विचारायचं, "झाली की नाही पुरी?" मग त्यांना एकदा डोळे मिटावेच लागतील. तिला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं. एक हो.

पहिल्या दुपारी ती खुर्ची ओढून बसतेय तोच आई फणसाच्या लाकडाचा पाट घेऊन आली. जनेलाच्या गजांखाली, खाटेपासून लांब, तो मांडला. वर पंच्याची घडी घातली, घडीवर तगरीचं फूल ठेवलं.

घरात शुद्ध मराठी बोलायचं हा मास्तरांचा कायदा होता. आई पलीकडे सावंतवाडीकडची. तिच्यावर तो कायदा कधी चालला नाही.

"हे कशाला?" गौरवीने विचारलं.

"वाचन आसा मगे? माझ्या म्हायेरी पोथी लागली काय पाट मांडतत. ऐकणारो येता, तो खंय बसतलो?"

"आई, ही पोथी नव्हे. यात देवबिव कुणी नाही. यात माणसं चहा पितात आणि रडतात."

"मग कोणाची गोष्ट आसा ती?"

"बाबा सांगायचे, म्हातारा आहे एक. येरेमेय प्लातोनोविच. जमीनदार. मुलीला छळतो."

"मग तो येतलो," आई म्हणाली. कुठलं पातेलं दुधाचं, हे सांगावं तितक्या सहज. "जेची गोष्ट, तेचो पाट." आणि पाटाकडे बघून, पाव्हण्याला म्हणतात तशी, पदर सावरून म्हणाली, "येवा. बसा."

गौरवीला हसू आलं. तिने खाटेकडे पाहिलं. असल्या गोष्टींना मास्तर 'अडाणी खुळं' म्हणायचे. आता ते छताकडे बघत होते.

३

पहिली दोनशे पानं तिने दात-ओठ खात काढली. एकेका माणसाला तीन तीन नावं, वर लाडाचं चौथं. उल्याना, उल्याशा, उल्या ह्या तीन निरनिराळ्या बायका समजून ती साठ पानं पुढे गेली, आणि मग कळलं की ही म्हाताऱ्याची एकच मुलगी. कुणी दारातून आत आला की त्याच्या कोटाच्या कॉलरला दीड पान. एक जेवण चाळीस पानं चाललं. आज कुणी हे छापलं असतं का, असं तिला वाटायचं.

पण तीनशेचाळिसाव्या पानावर उल्याना घर सोडून गेली. बापाने आणलेला विधुर कर्नल तिने नाकारला आणि बर्फातून घसरगाडीत बसून निघाली. म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, ही मला मेली. मग आत आला, शेगडीशी बसला, आणि गाडीच्या घंटा पुन्हा वाजतात का ते ऐकत राहिला. पुढची शेकडो पानं तो तिथेच होता. बाकीची माणसं लग्नं करत होती, लढायला जात होती, मरत होती. हा बसलेला.

"बस असाच," गौरवी मनात म्हणायची. रशियातले म्हातारे आणि पार्सेतले म्हातारे यांत टोपीपलीकडे फरक नाही असं तिचं मत झालं. मुलं ही आपली अपुरी राहिलेली कामं आहेत अशी सगळ्यांची समजूत. काम नीट झालं नाही की त्याच्याकडे पाठ फिरवायची, आणि पाठ फिरवण्याला तत्त्व म्हणायचं. उल्यानाचं पत्र आलं तर म्हाताऱ्याने ते न फोडता शेगडीत टाकलं. ते पान वाचताना तिने मुद्दाम आवाज चढवला, एकेक शब्द खाटेवर आपटला.

उल्याना मात्र तिच्या डोक्यात घर करून बसली. आंघोळ करताना, काजूच्या बिया वाळत घालताना तिला तिचीच काळजी लागायची.

चौदाव्या दिवशी वाचन संपवून ती उठली तेव्हा पाय ओला झाला. पाटापुढे लादीवर पाणी होतं. दोन लहानशी डबकी, शेजारी शेजारी, लांबट.

४

एप्रिल लागला होता. घरामागच्या बागायतीतून पिकल्या काजूच्या बोंडवांचा आंबूस वास यायचा, दुपारी पत्र्यावर कावळा बसला तरी पाय उचलून नाचायचा. अशा दिवसांत लादीला घाम कुठून फुटणार? पण मास्तरांना पाणी पाजताना सांडलं असेल. आईने लादी पुसली असेल. गौरवीने फडकं आणलं, पुसलं. पाणी फ्रिजमधल्यासारखं गार होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

पाट मात्र कोरडा. पाणी फक्त पुढे, वीतभर अंतर सोडून. तिने स्वयंपाकघरातला पाट घेऊन त्यावर बसून पाहिलं. मांडी घातली तर पुढे काहीच येत नाही. मग गुडघे उंच करून, पावलं पुढे टाकून बसली, शहरातली माणसं पंगतीत अवघडून बसतात तशी. पावलं नेमकी तिथेच आली. पाटावर बसायची सवय नसलेला माणूस असाच बसला असता. बाहेरून भिजून आलेला.

ती उठली. स्वतःवर चिडून तिने तो पाट फळीवर आदळला.

पंच्याची घडीसुद्धा रोज दबलेली असायची. मधे खोल, कडांना उभी. फूल चपटं झालेलं. आई रोज नवं फूल ठेवायची आणि जुनं काहीच न बोलता उचलायची.

"आई, पाटावर कोण बसतं?"

"बसता तो बसता. तू वाच."

"तू सरकवतेस का तो? खाटेजवळ आलाय."

"लादी पुसताना सरकलो आसतलो."

गौरवीने खडू घेतला. मास्तरांच्या कपाटात खडूंना तोटा नव्हता. पाटाभोवती पांढरी चौकट आखली. तीन वाजता पाट चौकटीत होता. पाच वाजता तो चौकटीबाहेर हातभर पुढे होता, खाटेकडे. मधल्या वेळात आई खोलीत आली नव्हती. गौरवी तिथून हलली नव्हती. तिने फक्त पानं उलटली होती.

५

यशवंतकाका, मास्तरांचे धाकटे भाऊ, रविवारी हजेरी लावायला आले. ह्यांचा आजारी माणसाला भेटण्याचा प्रकार म्हणजे आजाऱ्याच्या खाटेवर बसायचं आणि निरोग्यांना झोडपायचं.

"काय बाई, किती रशिया जिंकला?"

"सातशे पानं."

"म्हणजे आता सोडायची वेळ झाली. अर्ध्याच्या पुढे तुझं इंजिन जात नाही ना."

"तुमची टॅक्सी परवा म्हापशाच्या अलीकडेच बंद पडली म्हणे, काका. ढकलायला आम्हालाच बोलवायचं होतं."

काका हसले नाहीत. उठून जनेलाकडे जायला निघाले आणि पाटाला वळसा घालून गेले. पाट वाटेत नव्हता. वळसा घालायचं कारण नव्हतं. दोन पावलं जाऊन ते थांबले, दंड चोळले.

"पंखा केवढ्यावर ठेवलाय तुम्ही?"

"लाईट गेलीय सकाळपासून."

काकांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मास्तर डोळे मिटत होते. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

"नाही म्हणतोय तो," काका म्हणाले. "कसलं नाही रे, दादा?"

"मला म्हणतात," गौरवी म्हणाली. "रोज म्हणतात. तुझ्याच्यानं होणार नाही, हेच. तोंड गेलं तरी तेवढं म्हणायचं राहिलंय."

काका चहा न घेता गेले.

६

आठशे साठाव्या पानाला जमिनीच्या वाटणीवर नऊ पानांचा वाद लागला. दोन कुटुंबं, एक वकील, कुरणांची मापं. गौरवीचा घसा सुकला होता. आई मागे बागायतीत बोंडू वेचत होती. तिने नऊ पानं एका चिमटीत धरली आणि उलटली. कुणाला कळणार होतं?

टक. टक.

लाकडावर बोटाचं पेर आपटावं तसा आवाज. शांतपणे, दोनदा. वर्गात लक्ष नसलेल्या पोरासाठी मास्तर मेजावर आपटायचे तसा.

तिने चटकन बापाकडे पाहिलं. संताप आधी आला, आणि संतापाखाली कसलासा आनंदही. म्हणजे ऐकताहेत. म्हणजे पुस्तक खरंच पाठ आहे यांना. पण मास्तरांचा डावा हात पांघरुणाच्या कडेला घट्ट धरून होता, बोटं पांढरी पडली होती. डोळे तिच्याकडे नव्हते, खाली होते, तिच्या खुर्चीच्या डावीकडे.

उन्हाने फणसाचं लाकूड तडकतं, तिने स्वतःला सांगितलं.

मग कुणीतरी खाकरलं. दाढीतून, दमा असलेल्या माणसासारखं. इतकं जवळून की तिच्या कोपरावर शहारे आले.

गौरवीने नऊ पानं मागे उलटली. वकील, कुरणं, मापं, सगळं वाचलं. एकही शब्द गाळला नाही. खोलीत वाचनाशिवाय दुसरा आवाज उरला नाही. लोकरीचा कुबट वास तेवढा येत राहिला, ओली घोंगडी कोंडून ठेवावी तसा.

त्या संध्याकाळी तिला पुस्तक बंद करून विहिरीत टाकता आलं असतं. तसा विचार तिने केला. पण दोनशेचाळीस पानं उरली होती, आणि खाटेवरचा माणूस पुन्हा डोळे मिटत होता. दोनदा, दोनदा, दोनदा.

"म्हणा नाही," ती म्हणाली. "मी पुरं करणार."

७

शेवटच्या दिवशी पाट खाटेच्या पायाला टेकला होता. गौरवी त्याच्याकडे न बघता खुर्चीवर बसली. आई स्वयंपाकघरात समाप्तीचा शिरा भाजत होती. तुपाचा वास खोलीच्या दारापर्यंत येऊन तिथेच थबकला होता, आत येत नव्हता.

उल्याना परत निघाली होती. वीस वर्षांनी, केस पांढरे झालेली, बाप जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना. गाडीचे घोडे थकले होते, अंधारून आलं होतं. गौरवी भराभर वाचत होती. हजार एकोणनव्वदाव्या पानाचं शेवटचं वाक्य झालं आणि तिने पान उलटायला बोट घातलं.

पान उलटेना. पुढची पंधराही पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली. शेवट आधी चाळायचा नाही हा तिचा हट्ट, म्हणून तिला हे आजवर दिसलं नव्हतं. ती सुरी घेऊन आली, आणि कडेवर सुरी टेकवताना तिच्या लक्षात आलं.

ही पानं आजवर कुणी उघडलीच नव्हती.

"दोनदा संपवलंत ना?" ती म्हणाली. आवाज तिलाही परका वाटला. "शेवटाला रडलात ना? सगळ्या गावाला सांगितलंत. मला अपुरी म्हणालात. अकरा महिने तोंड फिरवून बसलात माझ्यावर. तुम्ही वाचलंच नव्हतं, बाबा. वाचलं होतं का?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. त्यांनी ते दोनदा मिटले.

नाही.

ती पुढचं काही बोलणार होती. वर्षभराचं साठलेलं होतं. पण त्यांनी नजर हलवली, खाली पाटाकडे नेली, परत तिच्याकडे आणली, आणि पुन्हा दोनदा मिटले. पुन्हा पाटाकडे. पुन्हा दोनदा.

गौरवीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेमागे नजर नेली. पंच्याची घडी खोल दबलेली होती, आत्ता, तिच्या डोळ्यांसमोर. तिची कड वर-खाली होत होती, अगदी थोडी, श्वासाच्या लयीत. डबकी खाटेखाली गेली होती.

तुझ्याच्यानं होणार नाही, असं ते कधीच म्हणत नव्हते. वाचू नकोस म्हणत होते.

तिने सुरी खाली ठेवली. पुस्तक मिटलं.

"नाही वाचत," ती म्हणाली. "राहू दे अपुरं. मला येतं तेवढं."

तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी बोटं आवळली. कमजोर, गरम, कोरडी बोटं. त्यांनी तिला असं शेवटचं कधी धरलं होतं ते तिला आठवेना.

टक. टक.

तिने मिटलेल्या पुस्तकावर कोपर रोवलं.

टक. टक.

"नाही," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात कालथा कढईवर घासत होता. मग पंच्याची घडी हळूहळू वर आली, गुडघ्यांवर हात टेकत कुणी जड माणूस उठल्यासारखी, आणि सपाट झाली.

तिच्या हातातली बोटं सैल पडली.

८

मास्तरांचा उजवा हात, चार महिने लाकडासारखा पडलेला, पांघरुणाखालून निघाला आणि तिच्या हातावर येऊन बसला. ओला होता. गार होता.

"'गाडीच्या घंटा फाटकापाशी थांबल्या,'" मास्तर म्हणाले, "'आणि म्हातारा शेगडीजवळून उठला.'"

स्पष्ट आवाज. तोच, प्रार्थनेच्या तासाला अख्ख्या शाळेला ऐकू जाणारा.

आई कालथ्यासकट धावत आली. दारातच तिने तोंडावर हात धरला. "बोललो गो. बोललो तुझो बापूस." ती रडत होती, हसत होती. "यशवंताक फोन करतंय. डॉक्टरांक करतंय. शब्दांनी वाट दाखवल्यानी गो, तुझ्या वाचनान." आणि ती फोन शोधत परत आत पळाली.

गौरवीने एका हाताने सुरी उचलली. दुसरा हात तिला सोडवता येत नव्हता. पुस्तक मांडीवर धरून तिने कड कापली. कागद फाटत गेला. हजार नव्वदावं पान, पहिली ओळ. गाडीच्या घंटा फाटकापाशी थांबल्या आणि म्हातारा शेगडीजवळून उठला. शब्दाला शब्द.

मास्तर पुढे सांगत होते. ती बोटाने ओळी लावत गेली. एकही चुकत नव्हती.

"बाबा," ती मध्येच म्हणाली. "माझ्याकडे बघा. मी कोण?"

आवाज थांबला. मान वळली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ, केस, हनुवटी, सावकाश, जणू फार लांबून आलेल्या माणसाला ओळखून घेत होते. त्या नजरेत राग नव्हता, शाळा नव्हती. असं त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. पुस्तक तिच्या मांडीवरून घसरून खाली पडलं, पुढची पानं न कापलेली.

"आलीस," ते म्हणाले. "मी चुकलो, पोरी. मी किती वर्षं दाराकडे कान लावून बसलोय. रागावू नकोस आता. कुठे जाऊ नकोस. उल्याशा."

आत आई फोनवर ओरडून सगळ्यांना सांगत होती.

गौरवीला ठाऊक होतं की आता हात हिसकावून उठायचं, आईला ओढत बाहेर न्यायचं, खोलीला कडी घालायची. तिने पाय जमिनीवर रोवलेही. पण म्हातारा तिच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत, आणि अकरा महिन्यांत ह्या घरात कुणी तिला अशी हाक मारली नव्हती.

"ओ," ती म्हणाली.